डाव्या हातानं धागा

"ए माया, कोपर लागलं बघ परत!" बनूबाई करवादली. "बरी होतीस की उजव्या हातानं. आता डावरी झालीस, मी काय भिंतीत शिरू?"

"मावशी, जागा बदलूया का? मी तुमच्या पलीकडं बसते. मग नाही लागणार."

"वा गं! जिन्याजवळची जागा माझी. तेवढाच वारा लागतो म्हातारीला." असं म्हणत म्हणत बनूबाईनं बुडाखालचं पोतं उचललं आणि माया बसली होती तिथं, आतल्या बाजूला, ती जाऊन बसली. "बस. पोलीस झालीस की मला पंखा घेऊन दे."

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधला जीन्सचा तो कारखाना. शिवून आलेल्या पँटींचे लोंबणारे धागे कातरायचे, एवढंच या बायांचं काम. बोटात कटर, मांडीवर पँट. धागा दिसला की बोट मिटायचं. माया शाळा सुटल्यापासून हेच करत आली होती आणि उजव्या हातानं ती सगळ्यांत चपळ होती. आता डाव्या हातानं तिचा ढीग कासवाच्या गतीनं सरकत होता.

शेठनं दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा विचारलं, "क्या रे माया, राइट हाथ को छुट्टी दिया क्या?"

"हां शेठ. उसका दूसरा काम है."

बाया हसल्या. शेठही हसला, पण जाताना तिच्या ढिगाकडं बघून गेला.

दुसरं काम कॅम्प चारमध्ये होतं. एका इमारतीच्या गच्चीवर पत्रे टाकून हिरामण सरांनी नेमबाजीची छोटी रेंज केली होती. सर पोलिसातून निवृत्त झालेले. माया आधी तिथं झाडलोट करायला जायची. एकदा सरांनी सहज तिच्या हातात छऱ्यांचं पिस्तूल दिलं आणि तिचा स्थिर हात बघून ते खुर्चीतून उठले. तेव्हापासून झाडू मारून झाला की पिस्तूल तिचं. राज्याच्या संघात निवड झाली तर खेळाडूंच्या जागेवर पोलिसात भरती होता येईल, असं सर म्हणाले होते. वयाच्या अटीत बसायचं हे तिचं शेवटचं वर्ष होतं.

हात स्थिर होता. घोडं अडायचं ते बोटापाशी.

"झटका देतेस," सर म्हणायचे. "चाप ओढायचा नाही, दाबत जायचा. पिकलं लिंबू पिळतात तसा, हळू. गोळी कधी सुटली ते तुझं तुलाच कळता कामा नये."

"कळतंय सर, पण बोट ऐकत नाही."

"दिवसभर काय करतं ते बोट?"

तिनं हवेत कटर चालवून दाखवला. सर बराच वेळ त्या बोटाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "तो हात त्या कामातून काढ."

म्हणून डावा हात. त्याच्या अंगठ्याला फोड आले, फुटले, घट्टे पडले. अंबरनाथला घरी आली की माया भिंतीसमोर उभी राहायची. पाण्यानं भरलेली बाटली उजव्या हातात धरून हात लांब करायचा, अर्धा श्वास सोडायचा आणि दंड भरून येईपर्यंत बाटलीतलं पाणी हलू द्यायचं नाही.

आई, भिमाबाई, भाकरी थापता थापता विचारायची, "काय गं, भिंत घाबरली का अजून?"

"घाबरेल आई. थांब जरा."

रेंजवर सर तिला कोऱ्या भिंतीवर रिकामं पिस्तूल चालवायला लावायचे. समोर काळा गोल नाही, काही नाही, नुसता चाप. तिथं बोट हळूहळू लिंबू पिळायला शिकलं. सर बोलायचे नाहीत, पण चहा मागवायचे. मायाला त्यात सगळं कळायचं.

निवडीच्या दिवशी ठाण्याला तिचा हात दगडासारखा होता. पुढची साइट, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची काडी, स्पष्ट, मागची खाच तिला कवेत घेऊन, पलीकडचा गोल धूसर. सरांनी शिकवलं होतं तस्संच. छरे मधोमध जात होते. मागं बसलेल्या सरांनी एकदाही खाकरून इशारा केला नाही.

मग शेवटची फेरी आली. वेळ कमी उरला होता. तिनं हात वर घेतला आणि साइट अशी बसली, की आजवर कधी बसली नव्हती. काळ्या गोलाखाली ती काडी नुसती उभी होती. पँटीच्या शिवणीवर एकच धागा उभा राहावा तशी.

बोट मिटलं.

छरा बाजूला गेला. तिनं श्वास घेतला, पुन्हा हात उचलला. पुन्हा साइट बसली, दिसली, आणि बोट मिटलं. दिसली की मिटलं. शेवटपर्यंत तेच.

निकाल लागला. तिचं नाव यादीत नव्हतं.

"सर, या हातानं तर मी एक धागा कापला नाही. मग कुठं चुकलं?"

सर पिस्तूल पुसत होते. "हात नाही चुकला, पोरी. धागा बघायला डोळे तेच होते ना?" त्यांनी फडकं बाजूला ठेवलं. "हे आधी माझ्या लक्षात यायला हवं होतं."

"आता?"

सरांनी पिस्तूल पेटीत ठेवलं, कडी लावली. दोघं परतीच्या लोकलमध्ये चढले. उल्हासनगर आलं तेव्हा सर म्हणाले, "झाडू मारायला येत जा." ती "हो" म्हणाली. दोघांनाही ते खरं वाटलं नाही.

घरी भिमाबाई भाकरी थापत होती. माया बाटली उघडून त्यातलं पाणी प्यायली आणि तिनं ती इतर बाटल्यांत ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी ती कारखान्यात लवकर आली आणि आतल्या बाजूला, आपल्या जुन्या जागी बसली. जिन्याजवळची जागा रिकामी ठेवली.

बनूबाई धापा टाकत जिना चढून आली. "अगो बाई, आज माझ्या आधी..." आणि तिला ती रिकामी जागा दिसली. मग मायाचा हात दिसला. कटर उजव्या हातात होता आणि भरभर चालत होता. धागा दिसत होता, तुटत होता.

बनूबाई पोतं हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग तिनं ते जिन्याजवळ अंथरलं, बसली आणि पँट मांडीवर ओढली.

शेठ चक्कर मारून गेला. मायाच्या ढिगाकडं बघून खूश होत म्हणाला, "अब आया ना हाथ लाइन पे."

"हां शेठ," माया म्हणाली, आणि तिनं पुढची पँट घेतली.