पायाळू

दिपाली पायाळू होती, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेली. पायाळूची लाथ बसली की पाठीतली उसण पळते, यावर रावेतच्या जुन्या गावठाणात अजून सगळ्यांचा भरवसा. लग्न होऊन आल्यापासून भल्याभल्यांनी तिच्यापुढे पाठ वाकवली होती. कुणी लाथेला बोलावलं की तिचं टाळकं सरकायचं.

आता पाठ नवऱ्याची होती. चाकणच्या कंपनीत जड लोखंड उचलताना नवनाथ आडवा झाला. मणक्यातली गादी सरकून नस दाबत होती. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, "ऑपरेशनची घाई नको, बरेच जण आरामाने बरे होतात. पण पायातली ताकद गेली किंवा लघवी अडली, तर लगेच या."

तेव्हापासून आल्यागेल्याला डॉक्टरकीचे धुमारे फुटले होते. कुणी म्हणे कापा, कुणी म्हणे कापलं की माणूस कायमचा खाटेला खिळतो. सल्ला द्यायला कुणाच्या बापाचं काय जातं! थांबायचं म्हणून दिपाली एकटी सगळ्यांशी भांडत होती.

"तू घरात असून माझं पोर कण्हतंय," सोजराबाई, तिच्या सासूबाई, आज सकाळीच सुरू झाल्या. "उसणच हाय ती. एक लाथ घाल, गादी जागंला बसंल."

"लाथेनं मणका बसत नाही, आई. मोडतो."

"मग काय, नुसती वाट बघायची?"

"हो, बघायची!"

"भांडू नका गं," नवनाथ म्हणाला. "आता कमी हाय दुखणं." भिंत धरत तो अंगणात निघाला. डाव्या पायातली चप्पल उंबऱ्याशीच राहिली. तो तसाच पुढे गेला, त्याला पत्ताच नाही.

दिपाली त्याच्यामागे धावली. तिने त्याला पायरीवर बसवलं आणि आपलं पाऊल त्याच्या पावलावर ठेवलं. अखेर पायाळूचा पाय लागला म्हणून मागे सोजराबाईंनी हात जोडले.

"उचला. माझा पाय वर ढकला."

नवनाथने दात आवळले. कपाळावर घाम आला, पण पाऊल काही हललं नाही.

"कधीपासून?"

"परवापासनं. तू कापायला नेशील म्हणून बोललो न्हाई."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्याच्यासाठी अख्ख्या गावाशी वैर घेतलं, त्यानेच तिला फसवलं होतं. जन्मात पहिल्यांदा तिला मनापासून लाथ घालावीशी वाटली.

तिने पाय काढून घेतला, चप्पल आणली आणि खाली बसून त्याच्या पायात घातली.

"आई, रिक्षा बोलवा," ती ओरडली. "बघून झाली वाट!"