नसलेल्या शिंपल्यांची खाडी

खाडीत शिंपले उरलेले नाहीत, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. माहीत नाही ते फक्त कॅमेरे घेऊन येणाऱ्यांना. त्यांच्यासाठी माझे दीर बाजारातून शिंपले आणून माझ्या टोपलीत ओततात. ओहोटी लागली की मी चिखलावरून घसरत जाणाऱ्या फळीवर एक गुडघा टेकते आणि दुसऱ्या पायाने चिखल मागे रेटत निघते. मग मध्येच थांबून कोपरापर्यंत हात घालायचा आणि नसलेला शिंपला शोधायचा. काठावर खटाखट फोटो निघतात.

एकेकाळी मी हे काम खरंखुरं करायचे. तेव्हा कुणीतरी माझा फोटो काढला, तो जगभर फिरला आणि माझं नशीब फुटलं. नवरा गेल्यावर भाऊजींनी त्या फोटोवर धंदाच उभा केला. "वहिनी, तुम्ही म्हणजे खाडीची शान!" शान कसली डोंबलाची! पाठीचा पार भुगा झालाय. पण राहते त्यांच्या घरात, तोंड कुठून उघडणार?

एकच गोष्ट मनाशी घट्ट धरली होती. लेकीचा पाय या चिखलात पडू द्यायचा नाही. तिला शहरात नर्सिंगच्या मुलाखतीला बोलावलं होतं, सकाळच्या बसने जायचं होतं. आदल्या दिवशी जेवताना भाऊजी म्हणाले, "वहिनी, फोटोत आता तुमचं वय दिसतं. पुढच्या खेपेपासून पोरीला उतरवू."

माझं डोकंच फिरलं. सकाळी फोटोवाले यायचे होते, नेमकं तेव्हाच पाठ धरल्याचं सोंग घेऊन अंथरुणात पडून राहिले. बाईच नाही तर फोटो कुणाचे काढणार? बसा म्हटलं बोंबलत!

"फार दुखतंय का गं, आई?" लेकीने विचारलं.

"हो गं बाई. तू जा, बस चुकेल."

ती गेली. मला मनातून उकळ्या फुटत होत्या. चहा टाकायला उठले आणि खिडकीतून सहज बाहेर बघितलं. चिखलात माझी फळी होती, माझी टोपली होती आणि फळीवर माझी लेक होती.

तशीच अनवाणी धावले. गुडघाभर चिखल तुडवत तिच्यापर्यंत पोचले.

"अगं मेले, तुझी बस!"

"गेली ती," लेक म्हणाली. "तू अशी आजारी. आज कुणीच उतरलं नसतं, तर काकांनी तुला फाडून खाल्लं असतं."

"मला काही झालेलं नाही गं! नाटक होतं ते!"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मग मला सांगायचंस ना, आई."

एवढ्यात काठावरून भाऊजी ओरडले, "वा, वा! मायलेकी एकत्र! हलू नका कुणी!"

चांगली शिवी हासडायला मी तोंड उघडलं होतं. पण इतक्या वर्षांची मेली सवय! तोंड मिटलं, श्वास रोखला गेला, चेहरा आपोआप उजेडाकडे वळला. हळूच डोळे फिरवून बघितलं, तर लेकही उजेडाकडे तोंड करून स्तब्ध उभी होती, कुणी न शिकवता.