शुभ्र गाड्यांवरचं कुंकू

आश्विनातलं ऊन, पिकल्या लिंबासारखं पिवळंजर्द. कोल्हापूरबाहेरच्या माळावर, ओतशाळेच्या धूम्रवर्ण भिंतीसमोर शुभ्र गाड्यांची रांग. रुंदस्कंध, क्षीणकटी, चिखलाला आसुसलेली.

रॅलीचा नियम मोठा खट्याळ. जी गाडी घाटात धावायची, तिची शेकडो सख्खी भावंडं आधी साध्या रस्त्यासाठी घडवायची. पंचानं ती मोजायची. मगच शर्यतीचा परवाना. ओतशाळेच्या मालकांनी, आबासाहेब इंगवल्यांनी, घडवली होती निम्मी. उरलेली निम्मी त्यांच्या जिभेवर धावत होती.

"डोंगराआडच्या शेडमध्ये तयार होतायत," असं त्यांनी धाकट्या बहिणीलाही सांगितलेलं. गाडी रेणुकासाठीच होती, रेणुकाच ती हाकणार होती. वाट पाहता पाहता चाळिशी उंबऱ्यावर आली. हा हंगाम हुकला, तर पुढचा तिच्यासाठी उगवणार नव्हता.

खंडेनवमीला पंच आले, मुंबईचे पाठारेसाहेब. यंत्रांना झेंडू, हत्यारांना हळद. मग गाड्याच कशा उपाशी राहतील? रेणुकानं एकेका बॉनेटवर कुंकवाचं बोट ओढलं. शुभ्रावर रक्तिमा, हिमावर पहाट. पाठारे मोजत गेले.

मग पुरणपोळी. जिनं घाट पालथे घालायचे, तिच्या हाती आबांनी तुपाची तांबली दिली. "रेणू, साहेबांना वाढ की! डोंगर चढायचाय त्यांना."

"इंगवले, जेवायला बोलावलंय की झोपवायला?" पाठारे हसले, आणि पान पुढं केलं.

भिंतीपलीकडे त्याच गाड्या, ओल्या फडक्यानं पुसलेल्या, नवे नंबर ल्यालेल्या, मंदपावली डोंगराआड चालल्या होत्या.

दुपार कलली. शेडमध्ये शुभ्र रांग, तशीच रुंदस्कंध, तशीच क्षीणकटी. पण गाड्यांचा रंग कोवळा होता, अजून पुरता न वाळलेला. कुंकू त्यात मुरलं होतं. प्रत्येकीच्या कपाळी फिकी गुलाबी सावली.

पाठाऱ्यांनी एका बॉनेटवरून बोट फिरवलं. "ताई, यांची पूजा कधी केलीत?"

"सकाळीच की साहेब! तुमच्यादेखत." आपल्याच बोटाची खूण ओळखून ती कौतुकानं हसली. हसू ओठांवर होतं, तोवर तिला भावाचा चेहरा दिसला.

"दादा?"

"तुझ्यासाठीच केलं गं."

पाठाऱ्यांनी पेनाला टोपण लावलं. "पुढच्या वर्षी बघू," ते सौजन्यानं म्हणाले. सौजन्यानं म्हटलेल्या पुढच्या वर्षाला पंचांगात जागा नसते.

मार्गशीर्ष. आंबा घाटात धुक्याची दुलई, धुक्यात परक्या इंजिनांचा हंबर. उतारावर रेणुका एकटी बसलेली, मिटल्या डोळ्यांची, ओल्या पदराची. वळण येई, तिचा उजवा पाय गवतावर हलका होई. वळण सरे, पाय गवत दाबत खोल जाई. आवाज एका कड्यामागे गेला, दुसऱ्या कड्यामागे गेला, मग कुठंच नव्हता.

तिनं पाय उचलला. दबलेलं गवत हळू, फार हळू, वर येत राहिलं.