पावण्यांचा संडास

गुंडूतात्यानं संडास असा बांधला, की गावात कुणाचं देवघर तसं नव्हतं. खालपासून वरपर्यंत पांढऱ्या फरशा, दाराला निळा रंग, आत नवी कोरी बादली. सगळं झाल्यावर त्यानं कुलूप घातलं आणि किल्ली करदोट्याला बांधली.

"ह्यो पावण्यांचा," त्यानं बायकोला, तानाबाईला सांगितलं. "जोतिबाच्या यात्रंला माणसं येत्यात. घरातल्यांनी घाण करायचा न्हाय."

चांगल्या कपबशा तानाबाईनंही पावण्यांसाठीच जपून ठेवलेल्या, बोलणार कुठल्या तोंडानं? शिवाय मागं ऊस उभा होता, आडोशाचं भागत होतं.

मग ऊस तुटला. रान उघडं पडलं. त्यात तिचा गुडघा सुजलेला, बसलं की उठता येईना. एका पहाटे ट्रॅक्टरचा उजेड अंगावर आला, ती गडबडीनं उठायला गेली आणि तिथंच कोलमडली. शेजारच्या अंबूबाईनं हाताला धरून घरी आणली. आल्या आल्या तिनं नवऱ्यापुढं हात पसरला.

"अवं, किल्ली द्या."

"पावण्यांचा हाय म्हणून सांगितलं की."

"आन् मी कोण?"

"तू घरातली."

तानाबाईनं पिशवीत दोन लुगडी घातली. "वडगावला जातो, भावाकडं," म्हणाली.

"जा की."

ती स्टँडापर्यंत गेली, कट्ट्यावर टेकली, दम खाल्ला आणि लंगडत माघारी आली. उंबऱ्याच्या बाहेरच थांबून तिनं हाक मारली, "हाय का कोण घरात?"

गुंडूतात्या बाहेर आला. "का गं, एस्टी चुकली?"

"न्हाय. मी पावणी म्हणून आलोय. पाय धुवायला पाणी द्या."

समोरच्या कट्ट्यावरची माणसं बघायला लागली. आता गुंडूतात्याला चिक्कू म्हणा, हेकट म्हणा, चालेल. पण दारातल्या पावण्याला पाणी दिलं नाही असं कुणी म्हटलेलं त्याला चालणार नव्हतं. त्यानं तांब्या भरून आणला. गुळाचा खडा दिला. मग खाली मान घालून करदोट्याची किल्ली सोडली.

"किती दिस मुक्काम?"

"गुडघा म्हणंल तवर."

दुसऱ्या दिवशी उजाडताना परत दारात हाक आली. अंबूबाई उभी होती, हातात पिशवी. गुंडूतात्यानं पिशवीकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं आणि दार पुरतं उघडलं.

"या. च्या ठेवू?"

"च्या मागनं," अंबूबाई म्हणाली. "आदी किल्ली."