ऑब्री पेंडलचं मोठं मन

आमच्या लिटल मार्डनमध्ये कुणी काही देऊ केलं की 'छे छे, तुम्हीच घ्या' असं म्हणायचं असतं. त्यामुळे ताटलीतलं शेवटचं सँडविच संध्याकाळपर्यंत वाळत पडतं आणि शेवटी कुत्र्याच्या वाट्याला जातं. कुत्र्यावर कुणी संस्कार केलेले नसतात.

या रीतीतून उत्पन्न कसं काढायचं हे गावात एकट्या ऑब्री पेंडलला कळलं होतं. तो मोटारी विकायचा, आणि फावल्या वेळात सगळ्यांना सगळं देऊ करायचा. बसमधली जागा, शेकोटीजवळची खुर्ची, भर पावसात स्वतःची छत्री. समोरचा रीतीला धरून नको म्हणायचा. वस्तू ऑब्रीकडेच राहायची आणि मोठ्या मनाची कीर्ती तेवढी गावभर व्हायची. इतक्या कमी खर्चात इतकं मोठं मन बाळगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्या वसंतात चर्चच्या सभागृहात नाच झाला. पाणीपुरवठ्याच्या कचेरीतला वॉल्टर ग्रिग संध्याकाळभर थेल्मा ब्रॅक्सटनबरोबर नाचला. थेल्मा वाचनालयात काम करायची. निवृत्त पोस्टमास्तरांची ती एकुलती एक मुलगी. वॉल्टरने तिच्यापायी आवड नसताना अकरा कादंबऱ्या वाचल्या होत्या, आणि तिलाही ते ठाऊक असावं, कारण बारावी कादंबरी तिने जरा कमी पानांची निवडून दिली होती. नाच संपला तेव्हा बाहेर पाऊस होता. तेवढ्यात ऑब्री पुढे आला आणि म्हणाला की ग्रिगनेच थेल्माला घरी सोडावं, आपण काय, एकटे जाऊ. वॉल्टर म्हणाला, छे छे, गाडी तुमच्याकडे आहे, तुम्हीच सोडा. पुढच्या क्षणी गाडीचं दार लागलं. वॉल्टर चालत घरी गेला आणि आठवडाभर शिंकत होता.

नदीवरची सहल, जत्रा, सिनेमा, सगळं याच पद्धतीने पार पडलं. प्रत्येक वेळी ऑब्री थेल्माला देऊ करायचा आणि प्रत्येक वेळी वॉल्टर ती साभार परत करायचा. थेल्माला कुणी विचारायचं नाही. ते रीतीत बसत नव्हतं.

ऑगस्टच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी वॉल्टर आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. उद्या गावच्या क्रिकेट सामन्यानंतर ऑब्री थेल्माला मागणी घालणार, असं त्याच्या कानावर आलं होतं. खुद्द पोस्टमास्तरांनीच ते चार घरी सांगितलं होतं. माझी बायको मटार सोलत होती. मान वर न करता ती म्हणाली, "पुढच्या वेळी तो काही देईल ना, ते घ्या."

"घेऊ?" वॉल्टर म्हणाला. "खरोखरीचं?"

"मग काय खोटंखोटं, तो देतो तसं?"

चर्चची दानपेटी फोडायला सांगितल्यासारखा चेहरा करून तो घरी गेला.

दर साली त्या सुट्टीला लग्न झालेले विरुद्ध सडे असा क्रिकेटचा सामना असतो. मी लग्न झालेल्यांचा यष्टिरक्षक. पंच म्हणून थेल्माचे वडील, मिस्टर ब्रॅक्सटन, पांढऱ्या कोटात ताठ उभे होते. सड्यांना सहा धावा हव्या होत्या, दोन गडी शिल्लक होते, आणि खेळपट्टीवर नेमके ऑब्री आणि वॉल्टर.

ऑब्रीने चेंडू ढकलला, "धाव" म्हणाला, स्वतःही निघाला आणि निम्म्यात विचार बदलला. तोवर वॉल्टरही निम्म्यापर्यंत पोचला होता. दोघे मधोमध समोरासमोर थबकले आणि चेंडू माझ्या हातात आला. मी यष्ट्या उडवू शकलो असतो. पण दोन माणसं बोलत असताना मध्येच तोडायचं नाही, हा आमच्याकडचा नियम क्रिकेटहून जुना आहे.

ऑब्रीने एक नजर चहाच्या तंबूकडे टाकली. थेल्मा बघत होती. मग तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "चूक माझी आहे ग्रिग. तू हो पुढे. मी बाद होतो."

आता वॉल्टरने छे छे म्हणायचं आणि स्वतः बाद व्हायचं, हे मैदानावरच्या गाईंनाही माहीत होतं. वॉल्टर लालबुंद झाला.

"बरं," तो म्हणाला. "आभारी आहे."

आणि शांतपणे चालत तो माझ्या बाजूच्या रेषेच्या आत येऊन उभा राहिला. मी चेंडू पलीकडच्या यष्ट्यांवर फेकला. ब्रॅक्सटनसाहेबांनी एका हाताचं बोट वर केलं आणि दुसऱ्या हाताने रुमाल काढला. ऑब्री तंबूत पोचेपर्यंत टाळ्या थांबल्या नाहीत. नंतर वॉल्टरने सहा धावा काढून सामना जिंकून दिला, पण असल्या गोष्टी आमच्याकडे कुणी लक्षात ठेवत नाही.

चहाच्या वेळी ऑब्री टाळ्यांनी तरंगत होता. एवढं फुकटचं यश एकदा मिळालं की माणूस भांडवल वाढवतो. वॉल्टर थेल्माशेजारी येऊन बसला, तसा ऑब्री उठून उभा राहिला. पोस्टमास्तर होते, पाद्रीसाहेबांची बायको आणि तिच्या मैत्रिणींचा घोळका होता, मी होतो.

"ग्रिग, तुझ्या मनात काय आहे ते मला कळतं रे," तो म्हणाला. "थेल्मा मला किती प्रिय आहे हे सगळे जाणतात. पण तुम्हा दोघांच्या मध्ये मी येणार नाही. मी बाजूला होतो."

तीस वर्षांच्या संस्कारांनी वॉल्टरचं तोंड उघडलं, 'छे' ओठांपर्यंत आलं, हे मी स्वतः पाहिलं. त्याने ते चहाच्या घोटाबरोबर गिळलं.

"बरं," तो म्हणाला. "फार उपकार झाले."

ऑब्री हसतच राहिला, कारण हसू कुठे ठेवायचं ते त्याला सुचेना. मग त्याने थेल्माकडे पाहिलं. अजून एक आशा होती. 'असं कसं, ऑब्री' एवढं तरी ती रीतीखातर म्हणेलच.

थेल्माने किटली खाली ठेवली.

"किती मोठं मन आहे हो तुमचं, ऑब्री," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाला जमलं नसतं." मग वॉल्टरकडे वळली. "आणि तू रे, चहा संपव लवकर. नदीकडे जायचंय. आणि आता कुणी काही देऊ केलं तर आधी मला विचार."

वॉल्टरने चहा एका दमात संपवला आणि जीभ भाजून घेतली.

ऑब्रीभोवती तोवर रांग लागली होती. एकेक जण त्याचा हात हातात घेऊन, दुःखाच्या घरी बोलतात तसं दबक्या आवाजात बोलत होता. सगळ्यात पुढे ब्रॅक्सटनसाहेब. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांच्या पाठीमागून थेल्मा आणि वॉल्टर कुंपण ओलांडून कुरणात उतरत होते, आणि साहेब ऑब्रीचा हात दाबत म्हणत होते, "असा जावई मिळायला भाग्य लागतं."