चावून भरवलेला घास

सुवर्णाचं लग्न झालं त्या वर्षी, १९९६ला, तिच्या भावाच्या, विकासच्या मानेवर गाठ आली. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर आहे. थुंकीतून पसरणाऱ्या एका विषाणूचाही त्यात हात असावा.

सुरतेतल्या कतारगामच्या खोलीवर येताच बापाने, किसनने, मागाचा लाकडी दांडा उचलला. "याला लहानपणी चावून घास भरवायचीस ना, भवाने?" विकासच्या आईचं, अनुसयाचं मनगट काडकन मोडलं.

विकास मध्ये पडला. दुसरा फटका त्याच्या पाठीवर बसला. "बा, डॉक्टरचं पुरतं ऐकायचं होतं! तो विषाणू तुझ्यातबी हाय, बहुतेक समद्यांत असतो. गाठ एखाद्यालाच होते. आता मार सोताला!"

किसनच्या हातून दांडा गळाला.

पुढे विकास अंथरुणाला खिळला, तरी अनुसयाची त्याला भरवायची हिंमत होईना. शेवटी विकासनेच तोंड उघडलं, "माय, भरव."

वाकड्या हाताने तिने घास भरवला.

१९९७च्या होळीला विकास वारला.