न सांगितलेले वाक्य

पेन अजून चालूच होते. त्याने सांगितलेले वाक्य केव्हाच संपले होते — आठ-नऊ शब्दांचेच तर होते — आणि तरी कागदावरची ती बारीक खरखर थांबत नव्हती; एक ओळ संपवून दुसरीवर गेली, मध्ये जरा थबकली आणि पुन्हा निघाली. इंद्रजीत कान देऊन बसला. सकाळपासून हे तिसऱ्यांदा होत होते. पहिल्यांदा वाटले, काकू सावकाश लिहितात. दुसऱ्यांदा वाटले, आपणच दमलोय, भास होतोय. आता मात्र भास म्हणून सोडून देता येईना.

"लिहिलं का, काकू?"

"व्हय. सांग पुढं."

"जरा वाचून दाखवता?"

लीलाकाकूंनी वाचले. त्याचेच वाक्य, त्याच्याच शब्दांत. एक अक्षर जास्त नाही.

मानवी हक्कांच्या एम.ए.चा हा शेवटचा पेपर. दृष्टिहीन परीक्षार्थी म्हणून वेगळी खोली, तासाला वीस मिनिटे जादा, दाराशी पर्यवेक्षक मजीद सर, आणि शेजारी त्याचे म्हणणे लिहून घेणारा लेखनिक. हे सगळे हक्काने मिळते, ते त्याला कलमांसकट पाठ होते. पण लेखनिक म्हणून बसणारे माणूस कोणतेच कलम आणून देत नाही, ते शोधावे लागते — परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेले, अक्षर बरे असलेले, चार तास मोकळे... तीन आठवडे त्याने उस्मानपुऱ्यातल्या ओळखीच्या प्रत्येकाला विचारून पाहिले. कुणाची स्वतःची परीक्षा, कुणाच्या घरी लग्न. शेवटी एका दुपारी ताटात भाजी वाढता वाढता मेसवाल्या लीलाकाकूच म्हणाल्या, "मी बारावी पास हाय की. अक्षर बी चांगलं हाय. मी आले तं चालंल का?"

आज त्या पहाटे उठून साठ जणांच्या पोळ्या लाटून आल्या होत्या. बोटांना अजून लसणाचा वास होता. अशा बाईला कसे म्हणायचे, की तुम्ही माझ्या पेपरात भलतेच काही लिहिताय? आणि मोठ्याने म्हटले तर मजीद सर उठून येणार, गैरप्रकार म्हणून पेपर रद्द होणार, दोन वर्षे पाण्यात. गप्प बसावे... कदाचित चांगलेच लिहीत असतील, गुण वाढतील. वाढतील, पण ते कुणाचे? मी दोन वर्षे कानाला मोबाइल लावून एकेक व्याख्यान दहा-दहा वेळा ऐकले, ते काय माझ्या बैठक क्रमांकाखाली दुसऱ्याचेच म्हणणे जावे म्हणून?

तो पुढे झुकला. "काकू, माझं वाक्य छोटं होतं. तुम्ही दोन ओळी लिहिल्या. खरं सांगा."

बांगड्या हलल्या आणि थांबल्या.

"लई कमी सांगतोस रे तू," काकू कुजबुजल्या. "तिकडं हॉलात पोरं पुरवण्यावर पुरवण्या घेऊ राहिली. म्हटलं, दोन ओळी वाढल्या तं दोन मार्क वाढतील. वाईट काई नाय लिहिलं."

"काय लिहिलंय?"

त्यांनी घसा साफ केला. "'अशी माणसं बिचारी असतात. समाजाने त्यांच्यावर दया केली पाहिजे.'"

दया. प्रश्न होता समानता आणि समन्याय यांतल्या फरकाचा, आणि उत्तरात, सुवाच्य अक्षरात — दया. दहावीत डोळे गेले तेव्हापासून तो हा शब्द ओळखून होता. सोयगावच्या आठवडी बाजारात आईचे बोट धरून चालताना कुणीतरी हातात एक पेरू ठेवायचे, "घे रे बिचाऱ्या," आणि आई हळूच चिमटा काढायची, मग तो म्हणायचा, आभारी आहे. रस्ता ओलांडून देणाऱ्याचे आभार, रिक्षात बसवून देणाऱ्याचे आभार, जिना चढवून देणाऱ्याचे — त्याने मदत मागितलेली नसली तरी आभार... बोलून बोलून जीभ नुसती दमून गेली होती. दया देणाऱ्याच्या मर्जीवर असते, हक्क तसा नसतो, हे वर्गात पहिल्यांदा ऐकले त्या दिवशी विभागाच्या पायऱ्यांवर तो कितीतरी वेळ एकटाच हसत बसला होता.

"आधी दोनदा लिहिलंत, तिथं?"

"तिथं बी तसंच."

"खोडा. तिन्हीकडचं." आवाज त्याला वाटला त्याहून कोरडा निघाला.

पाने उलटली. काकूंनी एकेक ओळ खोडली, सावकाश, शाळेतल्यासारखी पट्टी लावून. त्याला बरे वाटत होते आणि त्या बरे वाटण्याची लाजही वाटत होती. आता त्या रुसतील, मग आपण माफी मागू, मग पुन्हा आभार... त्याने सगळे तयारच ठेवले होते.

"एक विचारू का?" काकू म्हणाल्या. "राग नको धरू. सकाळी तुझ्यापुरती वांग्याची भाजी बाजूला काढून आले मी, जाईस्तोवर संपून जाती म्हणून. ती काय मग? दया का?"

"तसं नाही, काकू..."

"मग काय? हक्क का?"

त्या खरेच विचारत होत्या, रुसल्या नव्हत्या. दया म्हणावे तर आत्ताच खोडायला लावलेली. हक्क म्हणावे तर कुणाची भाजी बाजूला काढून ठेवावी असे कोणत्याच कायद्यात नाही. त्यांनी त्याला बिचारा लिहिले, हे खरेच होते. पण वाढताना कधी म्हटले नव्हते. 'भाजी इथं, चटणी तिथं' म्हणत त्याचे बोट धरून ताटाला लावायच्या आणि थोडा वेळ तिथेच उभ्या राहायच्या... आणि तो लगेच आभार मानून मोकळा व्हायचा. बोलणे तिथेच संपायचे. ते त्यानेच संपवले होते, रोज. एवढे चांगले अक्षर असलेली ही बाई बारावीलाच का थांबली, हे दोन वर्षांत त्याने एकदाही विचारले नव्हते. तिचे कमी शिकणे त्याला सोयीचे पडले होते.

"पंचवीस मिनिटं राहिली," मजीद सर दारातून म्हणाले.

"सांग ना," काकू म्हणाल्या. "जे काय असंल ते सांग. तेवढंच लिहिते, शपथ."

त्याने तोंड उघडले. पाठ केलेले सगळे ओठांपर्यंत आले, आणि ते सांगण्याचा त्याला एकदम मनापासून कंटाळा आला. सांगायचे नव्हतेच त्याला, विचारायचे होते — काकू, तुम्ही बारावीलाच का थांबलात? पण ही पंचवीस मिनिटे पेपरची होती.